जिंकलो, पण मजा नाही आली!

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. लोअर परळमधला एक पब. त्या संध्याकाळी तिथे काय चालू होतं, हे वेगळं सांगायला नको. दुबईत आशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच! भिंतभर स्क्रीन, निळे टी-शर्ट, आणि पहिल्या दोन ओव्हर्समध्येच पाकिस्तानच्या दोन विकेट्स गेल्यामुळे पब्लिक एकदम सुसाट.

आणि कोपऱ्यात, एसीचं पाणी जिथे टपकतं बरोब्बर त्या जागी, एका छोट्या टीव्हीसमोर आम्ही सहा जण. टीव्हीचा आवाज बंद. लिव्हरपूल विरुद्ध बर्नली. एक इंग्लंडचा चॅम्पियन, दुसरा नुकताच खालच्या डिव्हिजनमधून वर आलेला. तरीही नव्वद मिनिटं झाली आणि स्कोअर शून्य-शून्य. बर्नलीचा एक जण रेड कार्ड घेऊन बाहेर, तरी शून्यच. लिव्हरपूलवाले बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे... बँकेच्या काउंटरवर फाइल फिरते ना, तस्सा!

मग पंच्याण्णवाव्या मिनिटाला हॅण्डबॉल, पेनल्टी, सालाह, गोल. एक-शून्य. खेळ खल्लास.

आमच्यातला सीए खुर्चीवर चढला. वेटरला वाटलं, तिसरी विकेट गेली. पण आमच्यातलाच दुसरा, जो एका बँकेत आहे आणि याच्याहून जुना लिव्हरपूल फॅन आहे, तो बसल्या जागी ग्लास फिरवत म्हणाला, ‘जिंकलो रे... पण काय घाण खेळलो!’

झालं! पुढचा पाऊण तास भारत-पाकिस्तान राहिलं बाजूला, आमच्याच टेबलावर वेगळी बॉर्डर आखली गेली. ‘तुला जिंकलेलं बघवत नाही का?’ ‘अरे, दर वेळी शेवटच्या मिनिटाला देव येणार आहे का?’ ‘चार मॅचेस, बारा पॉइंट, अजून काय पाहिजे?’ ‘गोल पाहिजेत. वेळेवर पाहिजेत!’

मंडळी, सीझनच्या सुरुवातीला जिंकणारी टीम रडतखडत जिंकायला लागली की हा सीन जगातल्या प्रत्येक फुटबॉल ग्रुपमध्ये होतो. लिव्हरपूलमध्येही होतो आणि लोअर परळमध्येही. हरणाऱ्या टीमच्या फॅन्समध्ये भांडण नसतं, तिथे सगळे मिळून कोचला शिव्या देतात. खरी भांडणं जिंकणाऱ्यांच्या घरात.

चार जाती फॅन्सच्या

इतकी वर्षं हे वाद ऐकून माझं एक वर्गीकरण तयार झालंय. तुमच्या ग्रुपमध्ये कोण कुठला, ते तुम्हीच ठरवा.

एक, पॉइंटवाले. यांचा फण्डा सिम्पल. तीन पॉइंट मिळाले ना? मग गप्प बसा. मे महिन्यात टेबल बघताना कोणी विचारत नाही की गोल पायाने मारला की नशिबाने.

दोन, पारणंवाले. म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटलं पाहिजे. यांना एक-शून्य म्हणजे लग्नाला जाऊन नुसता वरण-भात खाऊन परत आल्यासारखं वाटतं.

तीन, एक्सेलवाले. हे नवीन पीक. यांच्या मोबाइलमध्ये ‘एक्स-जी’ असतं, म्हणजे प्रत्येक शॉटमधून गोल होण्याची शक्यता किती, त्याची बेरीज. पेनल्टीला साधारण पाऊण गोल धरतात. मॅच संपल्यावर हे सांगतात की आपण खरं तर सव्वा गोलने जिंकायला हवं होतं.

आणि चार, नवसवाले. यांचं विश्लेषण एवढंच की मागच्या वेळी मी डाव्या बाजूला बसलो होतो आणि गोल झाला होता, त्यामुळे आता कोणीही जागा बदलायची नाही. टॉयलेटलाही जायचं नाही.

मी स्वतः लिव्हरपूलची नाहीच. मी चेल्सीची, आणि तीही वारसाहक्काने. हा वाद मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दुसरीत होते.

दादाची खोली, २००४

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तेव्हा इंजिनीअरिंगला. ठाण्याच्या आमच्या घरातली मागची खोली त्याची. तिथे एक जाडजूड टीव्ही, त्यावर ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स, आणि शनिवारी संध्याकाळी दादा आणि त्याचा जिगरी दोस्त. दादा चेल्सीचा, दोस्त आर्सेनलचा. मला खोलीत बसू द्यायचे ते एका अटीवर: बोलायचं नाही, आणि चौकटीच्या वहीत मागच्या पानावर स्कोअर लिहायचा. डावीकडे चेल्सी, उजवीकडे आर्सेनल. ती वही अजून माझ्याकडे आहे.

तो सीझन काय होता, हे आधी सांगते. २००३मध्ये रोमन अब्रामोविचने चेल्सी विकत घेतली आणि पैशांचा नळ सोडला. २००४च्या उन्हाळ्यात पोर्तोला चॅम्पियन्स लीग जिंकून देणारा जोसे मोरिन्यो कोच म्हणून आला. पाठोपाठ चेक, कार्व्हालो, फरेरा, टियागो, रॉबेन आणि २४ मिलियन पाउंडांचा द्रोग्बा. अर्धा संघ नवा कोरा! चेल्सीने लीग शेवटची जिंकली होती १९५५मध्ये. पन्नास वर्षांचा उपास आता सुटणार, आणि तोही पंचपक्वान्नांनी, अशी सगळ्यांची खात्री.

आता माझ्या वहीतली डावी बाजू बघा. मँचेस्टर युनायटेडला १-०. बर्मिंगहॅमला १-०. क्रिस्टल पॅलेसला २-०. साउदम्प्टनला २-१. ॲस्टन व्हिला ०-०. टॉटनहॅम ०-०. मिडल्सब्रोला १-०. लिव्हरपूलला १-०.

आठ मॅचेस, आठ गोल. त्यातही एक पेनल्टीचा आणि एक चक्क भेट मिळालेला. साउदम्प्टनच्या जेम्स बीटीने पहिल्याच मिनिटाला चेल्सीवर गोल केला आणि मग अर्ध्या तासाने चुकून आपल्याच जाळ्यात बॉल घालून हिशेब चुकता केला!

उजवीकडे आर्सेनल. ही ती टीम, जी आधीचा पूर्ण सीझन एकही लीग मॅच हरली नव्हती. ४-१, ५-३, ३-०, ४-१, ३-०... मला आकडे लिहिताना हात दुखायचा. आठ मॅचेसमध्ये २६ गोल. ऑन्री, पिरेस, बर्गकाम्प. बघताना असं वाटायचं की हे लोक खेळत नाहीयेत, गातायत.

दादाचा दोस्त काय सोडतोय? ‘अरे, तुमचा मालक एवढे पैसे ओततोय, त्याला एका गोलचा रेट कितीला पडतो ते विचार!’ तिकडे इंग्लिश पेपर्सनीही चेल्सीवर ‘कंटाळवाणी’ असा शिक्का मारून टाकला होता. दादाचं उत्तर ठरलेलं. ‘जिंकतोय ना? मग झालं तर!’

आणि खरं सांगू? दादाच्या बाजूने एक जबरदस्त आकडा होता. आठ मॅचेसनंतर आर्सेनलचे पॉइंट होते २२. चेल्सीचे २०. अठरा गोल जास्त मारून आर्सेनल फक्त दोन पॉइंटने पुढे! कारण चेल्सीने आठ मॅचेसमध्ये गोल खाल्ला होता फक्त एक, तो बीटीचा.

गोल का होत नव्हते?

हे मला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं. नंतर मोठी झाल्यावर जुन्या मॅचेस बघितल्या तेव्हा कळलं.

मोरिन्यो सुरुवातीला मिडफिल्ड डायमंडसारखं मांडत होता. मागे माकेलेले, पुढे टोकाला एक जण, दोन बाजूंना दोघं, आणि सगळ्यांच्या पुढे दोन स्ट्रायकर्स. हा डायमंड बॉल सांभाळायला उत्तम. पण यात सगळी गर्दी मैदानाच्या मध्यभागी. कडेने पळणारा खास माणूसच नाही. समोरच्या टीमने मधली जागा अडवली की संपलं. संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर सगळे एकाच जिन्याने उतरायला बघतात, तसं. कोणी थांबलेलं नसतं, पण पुढेही कोणी सरकत नाही.

कडेने पळणारा माणूस होता की! आर्येन रॉबेन. पण सीझनआधीच्या अमेरिका दौऱ्यात रोमाविरुद्ध खेळताना त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. डेमियन डफलाही सुरुवातीला टीममध्ये नियमित जागा नव्हती.

दुसरं कारण जास्त साधं आहे. नव्या टीममध्ये डिफेन्स आधी जमतो, अटॅक नंतर. डिफेन्स म्हणजे शिस्त. कुठे उभं राहायचं, कोणाला धरायचं, हे रोज घोटून घेता येतं. अटॅकमध्ये दुसरा माणूस पुढच्या क्षणी कुठे असेल, हे न बघता कळावं लागतं. त्याला महिने लागतात. नव्या ऑफिसमध्ये कोणी चहात साखर किती घेतं, हे कळायलाही तेवढे लागतातच.

मोरिन्योची तेव्हाची प्रायॉरिटीही स्पष्ट होती. ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध जो कोलने मॅचचा एकमेव गोल केला. दुसरा कोच असता तर मिठी मारली असती. मोरिन्योने जाहीरपणे झापलं! गोल झाल्यावर याच्यासाठी मॅच संपली, डिफेन्सला मला अकरा जण हवे होते आणि दहाच होते, असा त्याचा सूर. याच माणसाने दोन आठवड्यांपूर्वी टॉटनहॅमने ०-० रोखल्यावर, ‘त्यांनी गोलसमोर बस आणून उभी केली’ असा टोमणा मारला होता. पुढे आयुष्यभर ती बस त्याच्याच नावावर पार्क झाली, हा भाग वेगळा!

एक-शून्यचा दुसरा अर्थ

१६ ऑक्टोबर २००४. मँचेस्टर सिटी. आत्ताची सिटी नव्हे, तेव्हाची साधीसुधी. अकराव्या मिनिटाला निकोलस अनेल्काची पेनल्टी, ०-१. उरलेली ऐंशी मिनिटं दादा उभा होता. चेल्सी मारतेय, अडतेय, मारतेय, अडतेय. गोल नाहीच.

मॅच संपली. दादा मला म्हणाला, ‘हा स्कोअर लिहू नकोस.’ मी आधीच लिहिला होता.

दोस्ताने बोलायला तोंड उघडलं, पण दादाचा चेहरा बघून मिटलं. आणि मग दादाने जे विचारलं, ते मला अजून आठवतं. ‘खरं सांग, प्रॉब्लेम काय आहे?’ दोन महिने हाच दोस्त घसा फोडून तेच सांगत होता. पण दादाच्या लेखी तोवर तो टीमचा दुश्मन होता, आणि अचानक डॉक्टर झाला. दोघं रात्री उशिरापर्यंत वहीवर बाण काढत बसले. माझ्या वहीवर! त्या पानावर अजून कडेला एक लांब बाण आहे आणि त्यापुढे दादाच्या अक्षरात ‘रॉबेन??’

पुढच्याच शनिवारी रॉबेन बेंचवरून उतरला. ब्लॅकबर्न ४-०, गुडयॉनसनची हॅट्‌ट्रिक. दुसऱ्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनलची ४९ मॅचेसची न हरण्याची मालिका तुटली. मग चेल्सीच्या बाजूने वेस्ट ब्रॉम ४-१, फुलहॅम ४-१, चार्लटन ४-०, न्यूकॅसल ४-०. मधे एव्हर्टनविरुद्ध १-०, पण तो एक गोल रॉबेनचा. डायमंड गेला, दोन्ही कडांना रॉबेन आणि डफ आले, मधली गर्दी फुटली, आणि लॅम्पार्डला धावायला रस्ता मोकळा झाला.

हिशेब असा: पहिल्या नऊ मॅचेसमध्ये ८ गोल, उरलेल्या २९ मॅचेसमध्ये ६४. सीझनअखेर ९५ पॉइंट, आणि अख्ख्या सीझनमध्ये खाल्लेले गोल फक्त १५. आर्सेनल ८३ पॉइंटवर. गोल मात्र आर्सेनलचेच जास्त, ८७ विरुद्ध ७२!

म्हणजे बरोबर कोण होतं? दादा म्हणतो, मी. दोस्त म्हणतो, मी. वीस वर्षं होऊन गेली, केस अजून पेण्डिंग आहे. माझं मत विचाराल तर दोघंही अर्धे. पॉइंटवाला दादा म्हणायचा ते खरं होतं, टीम चांगली होती. पारणंवाला दोस्त म्हणायचा तेही खरं होतं, काहीतरी अडलं होतं. अडचण फक्त ही, की दादाला जिंकताना ते ऐकून घ्यायचं नव्हतं.

आणि लिव्हरपूल?

आता परत एसीच्या पाण्याखाली या.

बर्नलीनंतर लिव्हरपूलने एव्हर्टनलाही २-१ हरवलं. पाच मॅचेस, पंधरा पॉइंट, शंभर टक्के! आमचा सीए ग्रुपवर ट्रॉफीचे इमोजी टाकत होता. आणि मग? क्रिस्टल पॅलेसकडून हार, सत्त्याण्णवाव्या मिनिटाला. चेल्सीकडून हार, पंच्याण्णवाव्या मिनिटाला. (सॉरी, इथे मी जरा नाचले होते.) मग मँचेस्टर युनायटेड, मग ब्रेंटफर्ड. पाच मॅचेसनंतर १५ पॉइंट होते, नऊ मॅचेसनंतरही १५च! शेवटच्या मिनिटाचा जो देव सप्टेंबरपर्यंत आपल्या बाजूला होता, तो तिकीट काढून समोरच्या स्टँडमध्ये जाऊन बसला.

कारणं होती. व्हिर्ट्स, एकिटिके, विक्रमी १२५ मिलियन पाउंडांचा इसाक, दोन्ही बाजूंचे फुलबॅक्स, सगळे नवे. आणि जुलैमध्ये दिओगो जोटा अपघातात गेला होता. ज्या ड्रेसिंग रूमने आपला माणूस गमावलाय, तिच्याकडून ऑगस्टमध्ये झक्कास फुटबॉलचा हट्ट धरणं, हे जरा जास्तच होतं. आम्ही सगळ्यांनीच तो धरला होता.

पण २००४ची चेल्सी आणि २०२५ची लिव्हरपूल यांच्यात फरक काय? दोघीही अडखळत जिंकत होत्या. तर फरक मागच्या दाराचा. चेल्सीच्या पुढच्या दाराला कडी अडकली होती, पण मागचं दार गच्च बंद होतं. गोल नाही झाला तरी फार तर ०-०. लिव्हरपूलने पहिल्या दोन मॅचेसमध्ये, बोर्नमथ आणि न्यूकॅसलविरुद्ध, दोन-शून्यची आघाडी घालवली होती. न्यूकॅसलने तर दहा जणांत बरोबरी केली होती! दोन्हीकडे शेवटच्या मिनिटांत गोल झाले, जिंकलो, आणि टेबलात फक्त ‘३ पॉइंट’ एवढंच दिसलं.

त्यामुळे आपली टीम जिंकतेय पण खेळ जमत नाहीये असं वाटलं, तर वाद घालण्याआधी दोन गोष्टी बघा. समोरच्यांना किती चान्स मिळतायत? आणि गोल न होण्याचं कारण बोट ठेवून दाखवता येतंय का? कारण दाखवता येत असेल, तर रॉबेनची वाट बघा. नसेल आणि मागचं दारही उघडं असेल, तर तुमच्या ग्रुपमधला तो कटकट्या माणूस ऐकण्यासारखा आहे.

हे ज्ञान मला फुटबॉलमधूनच मिळालं असं म्हणायला आवडलं असतं. पण नाही. मध्यंतरी माझं फ्रीलान्सिंग धो धो चाललं होतं. महिन्याला पाच-सहा असाइनमेण्ट्स, चेक वेळेवर. आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘सगळं काम एकाच ठिकाणाहून कसं गं येतं?’ मी फोनमधून मान वर न काढता म्हटलं, ‘येतंय ना? मग झालं तर!’ अगदी दादाच्या टोनमध्ये. मग तिथला मला काम देणारा माणूस नोकरी सोडून गेला, आणि माझी महिन्याची पाच कामं शून्यावर आली. पुढचे तीन महिने मी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला मेल्स टाकत होते. आईने ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

तर पॉइंटवाल्यांनो, एकच रिक्वेस्ट. जिंकल्यावर नाक मुरडणारा प्रत्येक जण गद्दार नसतो. बऱ्याचदा तो तुमच्याहून जास्त काळजीत असतो. आणि पारणंवाल्यांनो, तुम्हालाही एक. आधी गोल झाल्यावर उडी मारा, दोन मिनिटं नाचा, आणि मग बोला. माणूस ऐकतो हो, पण खुर्चीवरून उतरल्यावर.

आमचा बँकवाला आता नवसवाला झालाय, छोट्या टीव्हीसमोर तीच पाण्याखालची खुर्ची धरून बसतो. दादाचा दोस्त अजूनही आर्सेनलचा, आणि अजूनही दादाचा. आणि दादा? चेल्सीची मॅच संपली की तो मला फोन करतो. स्कोअर त्याच्याही मोबाइलवर आलेला असतोच. तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो.

‘कशी खेळली गं टीम?’